चार मायक्रोफॅरड

कलर लॅबमध्ये मुख्य यंत्रं दोन. एक फिल्म धुतं, दुसरं कागदावर फोटो छापतं. गिऱ्हाइकाचं लक्ष नेहमी दुसऱ्याकडे, कारण त्याच्या तोंडातून चकचकीत फोटो एकेक करून बाहेर पडताना दिसतात. पहिलं कोपऱ्यात उभं असतं, झाकण लावलेल्या पेटीसारखं, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जोखीम मात्र सगळी त्या पहिल्यात. कागद अडकला, चुरगळला, काळा पडला तर नवा कागद लावता येतो. फिल्म बिघडली की संपलं. आमचे बाबा म्हणायचे, लग्न पुन्हा लावता येत नाही आणि बारसं पुन्हा करता येत नाही, म्हणून आधी कोपऱ्यातल्या पेटीला नमस्कार करावा.

आमची लॅब बनारसला लक्सा रस्त्यावर होती. घर ब्रह्मघाटाजवळ, जिथे अजूनही काही गल्ल्यांमध्ये दारावर मराठी आडनावं दिसतात. बाबांचा आधी नुसता स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, कुंडलीबरोबर पाठवायचे मुलींचे फोटो, असलं काम. मग कर्ज काढून त्यांनी जुनी, वापरलेली मिनिलॅब घेतली. मिनिलॅब ही जपानी माणसांची कल्पना. नोरित्सू कंपनीने १९७६ साली पहिली काढली आणि शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत होणारं काम दुकानाच्या एका भिंतीशी आणून ठेवलं. आमचं यंत्र त्या कंपनीचं नव्हतं, पण रचना सगळ्यांची सारखीच. अंधाऱ्या पेटीत डबीतून फिल्म निघते, तिचं टोक एका प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटवलेलं असतं, आणि पट्टी तिला ओढत एकामागून एका टाकीत बुडवत नेते. आधी डेव्हलपर, मग ब्लीच, फिक्सर, शेवटी स्टॅबिलायझर आणि गरम हवा. प्रत्येक टाकीत रोलरांची एक उभी चौकट असते, तिला रॅक म्हणतात. सगळ्या रॅक एकाच दांड्यावर फिरतात, दांडा एका चेनवर, आणि चेन एका मोटारीवर. मोटार केवढी? टेबलफॅनच्या मोटारीपेक्षा फार मोठी नाही. पुढे गिअरची डबी, म्हणून वेग कमी आणि जोर जास्त.

रंगीत निगेटिव्हची जी पद्धत जगभर चालते ती कोडॅकने १९७२ साली आणली. तिच्यात डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. तापमानात दीड दशांश अंशाची सूट आहे, त्यापलीकडे नाही. यंत्राला घड्याळ नसतं. तीन मिनिटं पंधरा सेकंद म्हणजे मोटारीचा वेग आणि टाकीतल्या रस्त्याची लांबी, एवढंच. मोटार हळू झाली की फिल्म जास्त शिजते. थांबली तर शिजतच राहते.

२००१ सालच्या मे महिन्यात ती थांबली.

लगनचे दिवस होते. बनारसच्या आसपास या हंगामाला लगनच म्हणतात, आणि आमच्या घरच्या मराठीतही तोच शब्द. दिवसाला चाळीस-पन्नास रोल यायचे. त्या संध्याकाळी यंत्रात एकच रोल होता, आणि तो लग्नाचा नव्हता. सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ मुलाच्या अस्थी घेऊन काशीला आले होते. ब्रह्मघाटावरच्या एका मराठी गुरुजींकडे उतरले होते, आणि गुरुजींनीच त्यांना आमच्याकडे पाठवलं. मुलाचा कॅमेरा त्यांच्याबरोबर होता. त्यात अर्धा वापरलेला रोल तसाच राहिला होता. मुलाने त्यात काय काढलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "काका, आहे तेवढाच धुवून देता येतो." ते म्हणाले, "नको ताई. त्याचं अर्धं ऱ्हायलेलं मी पुरं करतो." आणि दोन दिवस घाटावर फिरून, कधी न वापरलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी उरलेले फोटो काढले. नावा, कबुतरं, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, गुरुजींच्या दारातली गाय. मग रोल आणून दिला.

मोटार थांबली की आधी कळतं ते कानाला. पंप चालू असतो, गरम हवेचा पंखा चालू असतो, पण त्याखालचा एक बारीक घरघराट नाहीसा होतो. मग भोंगा वाजतो. मी बटण बंद करून परत चालू केलं. मोटारीतून गुणगुण ऐकू आली, दांडा हलला नाही. वीज पोचत होती, पण जोर निघत नव्हता. पुन्हा एकदा करून पाहिलं. तेच.

अशा वेळी दांडा हाताने फिरवायची सोय असते, पण आमच्या यंत्रात त्यासाठी वरचं झाकण उघडावं लागे, आणि डेव्हलपरमधल्या फिल्मवर उजेड पडला की सगळं काळं. बाबांनी शटर खाली ओढलं. बाहेरून वरात चालली होती, डोक्यावर दिवे घेतलेल्या माणसांची रांग, आणि तो उजेड शटरच्या फटीतून सरळ आत. काळं कापड, गोणपाट, बाबांचा शर्ट, जे मिळेल ते फटीत कोंबलं. दिवे बंद. यंत्रावरचे लाल-हिरवे दिवे चिकटपट्टीने झाकले. या सगळ्यात चार मिनिटं गेली. नंतर बिलाच्या यंत्रावरची आणि भोंग्याच्या नोंदीची वेळ ताडून पाहिली तेव्हाही चारच निघाली.

मग झाकण उघडून मी अंधारात खुंटी फिरवायला लागले. दांड्याचा एक फेरा सहा सेकंदांत व्हायचा, हे आम्हाला पाठ होतं. बाबा आकडे मोजत होते, एक ते सहा, पुन्हा एक ते सहा. बाहेर बँडवर सिनेमातलं गाणं होतं आणि त्याची लय वेगळी होती, त्यामुळे बाबांचा आवाज हळूहळू चढत गेला. फिक्सरच्या पलीकडे फिल्म पोचेपर्यंत हात थांबवायचा नाही. खुंटी जड लागत होती. मोटारीशिवाय नुसत्या रॅक फिरवायला इतका जोर लागायला नको, एवढं त्या अंधारातही जाणवलं, आणि पुढे ते फार उपयोगी पडलं.

मला तेव्हा सरस्वतीबाई फाळके आठवल्या असं म्हणणं खोटं होईल. त्या नंतर आठवल्या. दादासाहेब १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. घरातल्या अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं, फिल्म धुवायचं काम सरस्वतीबाई शिकल्या आणि करत राहिल्या. कॅमेराही हातानेच फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे. पहिला चित्रपट हरिश्चंद्राचा, १९१३ सालचा, आणि ती कथा शेवटी येऊन थांबते ती आमच्या काशीच्या स्मशानात. पुढे कंपनीतल्या भांडणांना कंटाळून फाळके काही काळ काशीलाच येऊन राहिले आणि इथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. आमच्याकडचे म्हातारे याचा अभिमान सांगतात. सरस्वतीबाईंच्या बोटांविषयी मात्र कुणी बोलत नाही. माझा हात दुसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत भरून आला होता, तेव्हा मला त्यांची बोटं आठवली.

रोल बाहेर आला तेव्हा एकाच फिल्मवर तीन नशिबं होती. छत्तीस फोटोंचा रोल दीड मीटरच्या आसपास असतो. मोटार थांबली तेव्हा पुढचे सहा फोटो ब्लीचमध्ये पोचले होते, ते स्वच्छ. मागचे पाच-सहा अजून टाकीत उतरलेच नव्हते. गाय आणि पायऱ्या त्यातच होत्या, त्याही स्वच्छ. मधले सगळे डेव्हलपरमध्ये उभे राहिले आणि त्यांना सव्वातीनऐवजी सव्वासात मिनिटं मिळाली. सहाव्या आणि सातव्या फोटोच्या मध्ये एक मळकट पट्टा उमटला होता, सीमारेषा आखावी तसा. पहिल्या सहात गड होता, दगडी पायऱ्या होत्या, मित्र होते. मुलगा नव्हता, कारण कॅमेरा त्याच्याच हातात होता. अकराव्या फोटोत कुणीतरी कॅमेरा त्याच्याकडून घेतला होता. तिथे तो उभा होता. जास्त शिजलेली निगेटिव्ह दाट होते, तिच्यातून उजेड आरपार जात नाही. छापायच्या यंत्रात घनतेची बटणं असतात, ती शेवटपर्यंत नेली, तरी चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग येत होता. रात्री अकरापर्यंत बाबांनी त्या एका फोटोवर वीस-बावीस कागद घालवले. शेवटी डोळे आले, मिशी आली. कपाळ आणि एक गाल पांढराच राहिला, आणि सगळ्या फोटोवर वाळू पसरल्यासारखा दाणा.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा बाबांनी फोटो द्यायच्या आधी सांगितलं. यंत्राची मोटार बंद पडली, फिल्म चार मिनिटं जास्त औषधात राहिली, मधले फोटो खराब झाले. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. काकांनी सगळं ऐकून घेतलं, फोटो एकेक करून पाहिले, आणि अकराव्यावर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "उन्हात उभा असंल."

बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही ना?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण सकाळी आम्ही यंत्र सुरू केलं तेव्हा मोटार काही झालंच नाही अशी फिरत होती. दुरुस्तीच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, पूर्ण मेलेलं यंत्र परवडतं. कधी चालतं कधी नाही, हे वाईट. दिल्लीच्या इंजिनिअरने फोनवर दोन मिनिटांत निकाल दिला की मोटार बदला. मोटारीची किंमत आमच्या दोन महिन्यांच्या कमाईइतकी, आणि ती यायला तीन आठवडे. बाबांनी ऐन लगनमध्ये दुकानाबाहेर पाटी लावली, 'लॅब बंद', आणि मदनपुऱ्यातून एका चाचांना घेऊन आले.

चाचांचा धंदा मोटर बाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारींना नव्याने तार गुंडाळायचा. पंखे, कूलर, पाण्याचे पंप, आणि मुख्यतः पॉवरलूमच्या मोटारी. फिल्म धुवायचं यंत्र त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी मला सगळं चालवून दाखवायला सांगितलं, मोटारीवर तळहात ठेवून पाच मिनिटं नुसते बसले, आणि म्हणाले, "बिटिया, पहिले ई देखल जाय कि मोटर हारत हौ कि बोझा जीतत हौ."

हाच खरा प्रश्न होता, आणि दिल्लीहून तो कुणी विचारला नव्हता. त्यांनी चेन काढली. मोटार एकटी, मजेत फिरली. पण एकटी तर कुणीही फिरेल. मग त्यांनी स्प्रॉकेटवर चामड्याचा जुना पट्टा गुंडाळला आणि दोन्ही टोकं धरून ओढत राहिले. लूमच्या मोटारीचा जोर ते असाच बघायचे. थंड मोटार पट्ट्याला दाद देत नव्हती. तासभर चालवून पुन्हा पट्टा लावला तर ती गुणगुणत थांबली. म्हणजे मोटार हारत होती, पण तापल्यावर.

आता बोझा. मी सगळ्या रॅक बाहेर काढून एकेक हाताने फिरवली. डेव्हलपरची हलकी, ब्लीचची हलकी, फिक्सरची जड. तिच्या वरच्या गिअरांवर, द्रवाच्या पातळीच्या जरा वर, पांढरे खडे साचले होते. आमच्याकडे दिवसातून तीनदा वीज जायची. टाकी थंड व्हायची, पाणी उडायचं, मीठ मागे राहायचं आणि गिअरच्या दातांत बसायचं. कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश आणि एक अख्खी दुपार. एक बुश झिजून अंडाकृती झालं होतं. तसं नायलॉनचं बुश खराद्याकडून कातून आणलं. सगळं बसवलं, खुंटी करंगळीने फिरायला लागली, आणि मला वाटलं झालं. एक निरुपयोगी रोल टाकून पाहिला, उत्तम. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, बाहेर लू चालू असताना, मोटार पुन्हा थांबली.

मग मल्टिमीटर. सकाळी वीज २२० व्होल्टच्या आसपास. दुपारी गल्लीतले सगळे कूलर चालू झाले की १८०. आमच्याकडे व्होल्टेजचा स्टॅबिलायझर होता (दुकानात दोन प्रकारचे स्टॅबिलायझर, एक पिण्यायोग्य नसलेला आणि एक भरवशाचा नसलेला), पण आत येणारी वीज फार खाली गेली की तोही हात टेकायचा. असल्या मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. २३० ची १८० झाली तर वाटतं पाचवा हिस्सा कमी झाला, पण वर्ग केला की जोर साठ-एकसष्ट टक्केच उरतो. बारावीला हे गणित मी सोडवलं होतं, पण ते कुणाच्या तरी मुलाचा चेहरा पुसू शकतं असं पुस्तकात नव्हतं.

तरीही चाचांचं समाधान होईना. साठ टक्के जोरावरसुद्धा, रॅक इतक्या हलक्या असताना, मोटार थांबायला नको, असं त्यांचं म्हणणं. गरम झाल्यावरच का? मोटारीचा हात सोडून ते तिच्या तारांच्या मागे गेले आणि त्यांना एक कंडेन्सर सापडला. अंगठ्याएवढा, राखाडी, ४ मायक्रोफॅरडचा. तो बसवला होता डेव्हलपर तापवणाऱ्या हीटरच्या पाठीला पाठ लावून.

घरच्या एकफेजी विजेत मोटार फिरवायची ताकद मुळात नसते. ती वीज नुसती पुढे-मागे झोके खाते. मोटारीत दुसरी एक गुंडाळी असते, आणि कंडेन्सर तिच्यातला झोका जरा आधी आणतो. दोन झोके एकमेकांच्या पुढे-मागे पडले की त्यांच्या मेळातून गोल फिरणारं चुंबकत्व तयार होतं. कंडेन्सर अशक्त झाला की दुसरी गुंडाळी मुकी होते आणि मोटार गुणगुणते. आत असते प्लॅस्टिकचीच फिल्म, वर धातूचा अगदी पातळ मुलामा. कुठे दाब जास्त झाला की तेवढ्या टिचभर जागेतला मुलामा जळून उडतो आणि बाकीचा कंडेन्सर काम करत राहतो. म्हणून तो एकदम मरत नाही. वर्षानुवर्षं, टाचणीच्या टोकाएवढा, कमी कमी होत जातो. उष्णतेत लवकर. आमचा मोजायला चाचांकडे यंत्र नव्हतं. त्यांनी दालमंडीतून पंचवीस रुपयांचा पंख्याचा कंडेन्सर आणवला, तेवढ्याच क्षमतेचा, आणि लांब तार जोडून हीटरपासून दूर, यंत्राच्या बाहेरच्या बाजूला पट्टीने बांधला. दुपारी चार वाजता, १८० व्होल्टवर, तापलेल्या मोटारीला त्यांनी पट्टा लावला. पट्टाच त्यांच्या हातातून निसटला. "मोटर त बेचारी निर्दोष हौ," म्हणाले, आणि चहा मागितला. जुना कंडेन्सर मी पुढे बीएचयूतल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत मोजून घेतला. चारच्या जागी २.३ उरला होता.

दिल्लीच्या इंजिनिअरचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. नवी मोटार आली असती तर तिच्याबरोबर नवा कंडेन्सर आला असता, हीटरच्या त्याच पाठीवर बसला असता, आणि यंत्र तीन-चार वर्षं चाललं असतं. फिक्सरचे खडे तसेच, गल्लीतले कूलर तसेच. मला आजही ठरवता येत नाही की त्या संध्याकाळी मोटार कशामुळे थांबली. खड्यांमुळे, १८० व्होल्टमुळे की २.३ मुळे? तिघांपैकी कोणताही एक नसता तर ती चालली असती. बाबांचं मत खड्यांकडे होतं, चाचांचं अर्थातच कंडेन्सरकडे. एक पोस्टकार्ड मी साताऱ्याकडे लिहिलं, गुरुजींकडून पत्ता घेऊन. यंत्र दुरुस्त झालंय, कारण सापडलंय, दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही. कारणं तीन होती हे कार्डावर लिहिलं नाही. जागाही नव्हती.

मोटारीने त्यानंतर एकदाही दगा दिला नाही. दगा दिला तो रोलांनी. २००५ नंतर लगनमध्येही दिवसाला पाच-सहाच यायला लागले. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, पण आम्ही त्याच्या वर्षभर आधीच यंत्र विकायला काढलं होतं. चालू यंत्र म्हणून कुणी घेईना, म्हणून किलोवर गेलं. भंगारवाला वजन करायच्या आधी तांबं कुठे कुठे आहे ते बघत होता. त्याने मोटार सोडवली, दोन तारा जोडून पाहिली. फिरली. ती त्याने वेगळी बाजूला ठेवली, चालू मोटारीला जास्त भाव येतो म्हणून. मग बाहेरच्या बाजूला पट्टीने बांधलेलं ते डबडं दिसलं, तेव्हा तो थांबला आणि बाबांना विचारलं, "ई पंखा क कंडेन्सर एम्मे का करत हौ?"

बाबा म्हणाले, "ओही से चलत रहल," आणि पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले.